गुलाबसिंगाचे चाळीस बैल

गुलाबसिंग राठोडाला फूट, गज, एकर, मैल यांतलं काहीच येत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. जगात मोजायला एकच माप पुरतं आणि ते चार पायांवर उभं असतं, असं त्याचं ठाम मत होतं. फुलसावंगीचा बाजार तांड्यापासून किती लांब? "बैल दोनदा मुतते तेवढा." नदीला पाणी किती? "पोटाले लागते." जावई कसा मिळाला? "खांद्यानं बरा हाय, पन वळनावर अडते." रुपीबाईशी लग्न होऊन त्याला बेचाळीस वर्षं झाली होती, तिला तो कोणत्या मापात बसवतो, हे मात्र त्यानं कधी उघड सांगितलं नाही. दोन वेळची भाकर तिच्या हातची होती.

हा वारसा होता. गुलाबसिंगाचा आजा आणि बाप लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरणं, हा बंजाऱ्यांचा जुना धंदा. पुढं सडका झाल्या, आगगाडी आली आणि बैलाच्या पाठीवरचं मीठ तिच्या डब्यात जाऊन बसलं. बापानं एके दिवशी गोण्या खाली उतरवल्या त्या कायमच्या. त्या जिथं उतरवल्या तिथंच, खडकी नदीच्या वळणावर, तांडा बसला. बैल एकेक करून गेले. नावं राहिली.

नावं राहिली ती बापाच्या एका हट्टापायी. बैल मोजू नये, मोजला की घटतो, असं बाप म्हणे. बैलांची नावं घ्यावी. आणि नावं घ्यायची ती रांगेतल्या क्रमानं, पुढल्या घंटेवाल्या बैलापासून, कारण लदेणी मधूनच कशी सुरू होईल? दर दिवाळीला गोठ्याच्या दारात उभं राहून बाप हाक देई : हिरा, लाखा, भुऱ्या, कोतवाल, घुमऱ्या, चांदणा... जिवंत असो की मेलेला, एकही नाव गळत नसे. बाप गेल्यावर गुलाबसिंग हाक देऊ लागला. शेवटी स्वतःच्या गोठ्यातल्या सहा बैलांची नावं लावी : बाजिंदा, पाखऱ्या, नंद्या, कवड्या, मास्तर आणि शेऱ्या. मास्तर हे नाव पडलं कारण तो नदीत उतरला की पाण्यात उभा राहून तासभर विचार करी. शेऱ्याचं डावं शिंग अर्ध्यात मोडलेलं होतं. ते कसं मोडलं हे विचारलेलं त्याला आवडत नसे, म्हणून कोणी विचारत नसे.

आता हे खोरं. त्याची वाटणी कोणी केली ठाऊक नाही, पण ज्यानं केली त्यानं खालून वर केली. तळाशी नदी, ती कुणाचीच नव्हती. तिच्या काठाला पुरुषभर खोल काळी जमीन. तिथं पलीकडच्या गावचे भगवानराव आणि त्यांचे भाऊबंद पऱ्हाटीचा कापूस आणि तूर घेत. काळीच्या वर बरड; तिथं तांड्याची वावरं, ज्यांत पाऊस झाला तर ज्वारी होई आणि नाही झाला तरी दगड हमखास. बरडाच्या वर पळस, धावडा, टेंभुर्णी आणि मग सागवान. सागवानाच्या वर सरकार.

या सगळ्यातून निसटलेला एकच तुकडा होता : नदीच्या वळणातलं कुरण. दरवर्षी पुराचं पाणी त्यावरून जाई, म्हणून नांगर कोणी घालत नसे. मारवेल आणि पवना गवत तिथं बैलाच्या पोटाला लागे. उन्हाळ्यात बरडावर बैलाला वाऱ्याखेरीज खायला काही नसे, तेव्हा अख्खा तांडा या कुरणावर जगे. कुरण होतं म्हणून गोठे होते, गोठे होते म्हणून वावरं होती. एवढ्या साध्या गोष्टीला खरं तर कागद कशाला लागावा? पण सत्तावन्न साली कागद आला.

तो घेऊन आले घनश्याम पटवारी. कोणाची किती ढोरं कुरणात चरतात याची यादी करायची होती. पटवारी बाजेवर बसले, चहा आला, गुलाबसिंगाची पाळी आली.

"बैल किती?"

"मोजाची आमच्यात रीत नाई साहेब. नावं सांगतो."

"सांगा तर."

गुलाबसिंगानं दोन्ही हात जोडले आणि सुरू केलं, "हिरा, लाखा, भुऱ्या, कोतवाल..." पटवारी लिहीत गेले. पहिला चहा संपला तेव्हा बैल घुमऱ्यापाशी आले होते. दुसरा निवला तेव्हा वीस झाले. शेऱ्याचं नाव येईपर्यंत पटवाऱ्यांचं बोट दुखायला लागलं होतं. त्यांनी खाली रेघ मारून आकडा टाकला, चाळीस. मग मान वर करून गोठ्याकडं पाहिलं. सहा शेपट्या हलत होत्या.

"बाकीचे रानात?"

"रानातच हाय ते," गुलाबसिंग म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा जड झाला. पटवाऱ्यांना वाटलं, चहा गरम असेल. गुलाबसिंग खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं ते त्यानं सांगितलं. त्यातले कोण अजून गवत खातात, हे कोणी विचारलंच नव्हतं.

चार वर्षं त्या कागदानं कोणाचं काही बिघडवलं नाही. एकसष्ट साली पोळ्याच्या पंधरा दिवस आधी नाकेदार भीमराज सायकल ढकलत तांड्यावर आला. नाकेदार म्हणजे जंगलचा राखणदार. हा अंगानं बारीक, मिशीनं जाड आणि बातमीला पक्का. त्यानं नायकाच्या अंगणात सगळ्यांना बसवलं.

"खोरं राखीव होऊन राह्यलं," तो म्हणाला. "झाड तोडाचं नाई, नवं वावर काढाचं नाई. कुरणात ज्याचं ढोर कागदावर हाय त्याचंच चरन. पन पहिले कागद तपासतीन. एकाचंबी खोटं निंगालं तं साऱ्या तांड्याचा कागद रद्द. मंग कुरणाले तार."

"आमचं कायले खोटं निंगन?" धावजी नायक म्हणाला. हा तांड्याचा प्रमुख, पागोटं मोठं, धीर त्याहून मोठा. "वाच तू."

भीमराज वाचू लागला. कोणाची चार ढोरं, कोणाची सात, सगळं बरोबर. मग त्यानं कागद जरा लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"गुलाबसिंग राठोड. बैल चाळीस."

अंगणातल्या सगळ्या माना गुलाबसिंगाकडं वळल्या. मागं एक कोंबडी तेवढी बोलली.

"गुलाबा," नायक शेवटी म्हणाला, "बाकीचे चौतीस कुठं बांधून राह्यला बाप्पा? आमाले दाखव तरी. शेण तं कधी दिसलं नाई."

गुलाबसिंगानं खरं काय ते सांगितलं. लोक आधी हसले, मग हसता हसता त्यांना कुरणाला लागलेली तार दिसू लागली आणि हसणं जिथल्या तिथं वाळलं. म्हाताऱ्या धुरपताबाईच्या दोन म्हशी होत्या, तेवढ्यावर तिचं घर चालायचं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मेलेल्या बैलानं माह्या म्हशीचा घास नेला का रे गुलाबा?" त्या रात्री गुलाबसिंगाला भाकर गोड लागली नाही.

"तपासाले कोन येऊन राह्यलं?" रुपीबाईनं भीमराजाला विचारून घेतलं होतं.

"देवतळेसाहेब. रेंजर. नवे हाय, पन भोळे नाई. पोळ्याच्या दिवशीच येतो म्हनतात. त्या दिवशी सारी ढोरं घरी राहतात, अन् कोनी कोनाले बैल उसने देत नाई."

हे खरंच होतं. तरी गुलाबसिंग नदी ओलांडून भगवानरावांकडं जाऊन आला. भगवानराव भला माणूस. गुळाचा खडा हातावर ठेवून म्हणाले, "गुलाबसिंग, माह्यं धोतर माग, आत्ता सोडून देतो. पन पोळ्याच्या दिवशी माह्या दावणीचा बैल दुसऱ्याच्या तोरणात? लोकं म्हनतीन, भगवानराव मेला काय?"

गुलाबसिंग गुळाचा खडा खिशात टाकून परतला आणि गोठ्याच्या दारात बसून राहिला. रुपीबाई तांदूळ निवडत होती. नवराबायकोचं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत झालं, पण वऱ्हाडीत सांगायचं तर असं झालं :

"आयकलं का, तोरण कुठं बांधतात?"

"टेकडीच्या पुढं. नेहमीच्या जागी."

"साहेब कुठं बसन?"

"मोहाखाली. सावली तिथंच हाय."

"बैल तोरणातून निंगून कुठं जातात?"

"टेकडीच्या मांगं, नदीवर."

"अन् टेकडीच्या मांगून फिरून पुन्हा तोरणापाशी येता येते का नाई?"

गुलाबसिंगानं तिच्याकडं पाहिलं. बेचाळीस वर्षांत तिच्याकडं इतकं निरखून त्यानं फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

"सहा साती बेचाळीस," रुपीबाई म्हणाली. "शेवटल्या फेरीत दोन कमी सोडू. झुली तांड्यात कमी हाय काय?"

झुलींना तोटा नव्हताच. बंजारा बाईच्या पेटीत दुसरं काही नसलं तरी आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा असतोच. पंधरा दिवस तांड्यातल्या बायका जुन्या गोण्यांचे तुकडे काढून शिवत बसल्या. झुलींचे सात संच झाले, सात प्रकारची बाशिंगं झाली. शेऱ्याच्या मोडक्या शिंगाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. तो ज्वारीच्या धांड्यावर चिंध्या गुंडाळून, वर हिंगूळ फासून आणि टोकाला पितळी शेंबी बसवून सोडवण्यात आला. शेऱ्यानं त्या शिंगाकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावून गुलाबसिंग कानात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," तेव्हा त्यानं मान डोलावली. बैलाची तयारी होती. जेवणाची, बाकी कशाची नाही.

पोळ्याला देवतळेसाहेब आले. चाळिशीचा, चष्मेवाला, शांत माणूस. काखेत एक लांब नळी होती, तिच्यात खोऱ्याचा नकाशा. दोन महिने ते त्या नकाशावर जागांची नावं भरत होते आणि दोन महिने खोऱ्यातले लोक त्यांना नावं पुरवत होते. एका नाल्याची चार नावं झाली होती. एका टेकडाला भगवानरावांच्या गावच्या पोट्ट्यांनी जे नाव सांगितलं होतं, ते साहेबांनी कचेरीत मोठ्यानं वाचलं आणि कारकून तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. तेव्हापासून साहेब कोणाचंही बोलणं चष्म्याच्या वरून ऐकत.

ते मोहाखाली बाजेवर बसले. मागं भीमराज उभा राहिला. इतरांची ढोरं मोजून झाली, खुणा झाल्या, सगळं जमलं. मग साहेबांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला.

"गुलाबसिंग राठोड. तुमच्या बैलांची पटवाऱ्यांनी नावं लिहिलीत. छान केलं. मी नाव वाचतो, तुम्ही त्या नावाचा बैल दाखवा, मी खूण करतो."

गुलाबसिंगानं टेकडीकडं पाहिलं. सारी तयारी मोजणीची होती. नावांचं कोणी धरलंच नव्हतं. आणि बैलाला, तेही पोळ्याच्या दिवशी, दुसऱ्याच्या नावानं तोंडावर हाक मारायची? बापानं हे ऐकलं असतं तर तो होता तिथून उठून आला असता.

"साहेब, खालून सुरू करा," तो घाईनं म्हणाला. "लहान पहिले."

पहिली फेरी झकास गेली. शेऱ्या, मास्तर, कवड्या, नंद्या, पाखऱ्या, बाजिंदा. नाव वाचलं की गुलाबसिंग छाती काढून "हा घ्या" म्हणे. सहा बैल वाजत-गाजत टेकडीमागं गेले. तिथं दहा बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. जुनी झूल खाली, नवी वर. गेरूचे ठिपके ओल्या घोंगडीनं पुसले, चुन्याचे पट्टे ओढले. पाचच मिनिटांत दुसरे सहा तोरणाखाली उभे.

साहेबांनी पुढचं नाव वाचलं, बापाच्या एका बैलाचं.

गुलाबसिंगानं तोंड उघडलं. समोर बाजिंदा उभा होता. गुलाबसिंगाला खोकला आला.

साहेबांनी खूण केली. त्याच्या वरचं नाव वाचलं.

पुन्हा खोकला. पुन्हा खूण.

तिसऱ्या फेरीला खोकला जरा कोरडा झाला. चौथ्या फेरीला साहेब म्हणाले, "तुम्हाला खोकला नेमका नावाच्याच वेळी येतो का हो?"

"पोळ्याची धूळ हाय साहेब," नायक मध्येच म्हणाला.

"रात्री तर पाऊस झाला."

"म्हनूनच. ओल्या धुळीचा खोकला वाईट."

साहेब मागं वळले. "भीमराज, हा पांढरा बैल मघाशी पाहिल्यासारखा वाटत नाही?"

भीमराजाची मिशी हलली, पण ती आतून हलली की बाहेरून, हे कळलं नाही. "इकडले बैल एकमेकायवर जातात साहेब."

पाचव्या फेरीत मास्तर आलाच नाही. बायकांच्या हातून सुटून तो नदीत जाऊन उभा राहिला होता आणि विचार करत होता. बाबूसिंग नावाच्या गड्यानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याची समजूत काढली. तोवर नायकानं साहेबांना पानसुपारी दिली, तांड्याचा सगळा इतिहास सांगितला आणि त्यात थोडा नवाही घातला. मास्तर ओला आला तेव्हा कोणी विचारायच्या आत नायक म्हणाला, "हा पोहून आला. पल्याडच्या काठावर चरत होता." सहाव्या फेरीत शेऱ्याचं नवं शिंग एका बाजूला कलंडलं आणि ते कानासारखं दिसू लागलं. शेऱ्याला तीन कान असल्याचं साहेबांनी पाहिलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

सातवी फेरी. चार बैल. कागदावर वरची चार नावं उरली होती.

आता या बैलांनी सकाळपासून सहा वेळा टेकडीला फेरी घातली होती. आवतण मिळालं होतं आणि पुरणपोळीचा पत्ता नव्हता. कोतवाल, भुऱ्या आणि लाखा या नावांवर तीन खोकले झाले. चौथा बैल शेऱ्या. त्यानं तोरण पाहिलं, गर्दी पाहिली, मग गुलाबसिंगाकडं पाहिलं आणि रांग सोडून सरळ त्याच्याकडं चालत आला. गुलाबसिंगाच्या बंडीच्या खिशात पंधरा दिवसांपूर्वीचा भगवानरावांचा गूळ होता. तो कुठं आहे हे रुपीबाईला माहीत नव्हतं, शेऱ्याला होतं. त्यानं खिशात नाक खुपसलं. शिंग खाली पडलं. पितळी शेंबी घरंगळत साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबली.

साहेबांनी ती उचलली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेन उघडं धरून म्हणाले, "एकच नाव राहिलं. हिरा. गुलाबसिंग, या बैलाच्या पाठीवर हात ठेवा आणि म्हणा, हा हिरा. मी खूण करतो आणि जातो. मलाही घरी पुरणपोळी आहे."

 धुरपताबाईच्या म्हशी, नायकाची पत, रुपीबाईच्या झुलींचे सात संच, सगळं त्या दोन शब्दांवर येऊन टेकलं होतं. गुलाबसिंगानं शेऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. घसा साफ केला. लोकांना वाटलं, आता खोकेल. तो खोकला नाही.

"नाई साहेब," तो म्हणाला. "हा हिरा नाई. हा शेऱ्या. हिरा भल्ला उंच होता. त्याची घंटा वाजली की पाठीमांगचे एकोनचाळीस उठत. हिरा मेला तवा मी नऊ वर्षांचा होतो."

नायकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. रुपीबाई टेकडीमागून पुढं आली. हात कोपरापर्यंत गेरूनं लाल.

"आणि लाखा?" साहेबांनी विचारलं.

"तोबी नाई."

"घुमऱ्या?"

"सहाच हाय साहेब. बाकीचे बापाचे. मीच नावं सांगतली; दिवाळीले सांगतो तशी. गुन्हा माह्या एकट्याचा. माह्ये सहाबी काढून टाका कुरणातून, पन बाकीच्यायले तार लावू नोका."

साहेबांनी कागद गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सहाच आहेत हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. सातव्यापर्यंत बसलो ते झुली पाहायला." त्यांनी पेन बंद केलं. "पण हिरा मेला कुठं?"

"तो काय, वळनावर काळा डोह दिसते ना? पानी प्याले उतरला अन् तिथंच बसला. आमी हिऱ्याचा डोहच म्हनतो त्याले."

साहेबांची मान हळूच वर आली. "लाखा?"

"त्या धावड्याच्या चढावर. गोणीसगट बसला. लाख्याचा चढ."

"हे नाव तांड्यात सगळे घेतात?"

"लहान पोरबी घेते."

साहेबांनी नळीतून नकाशा काढला आणि बाजेवर पसरला. डोह कोरा होता. चढ कोरा होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना असं नाव ऐकू आलं होतं, जे सांगताना समोरचा माणूस हसू दाबत नव्हता. त्यांनी पटवाऱ्यांचा कागद पुन्हा समोर घेतला, चाळीसवर रेघ मारली, सहा लिहिलं आणि शेऱ्याच्या साक्षीनं खाली टीप लिहून मोठ्यानं वाचली : "बैल सहा. उरलेली चौतीस नावे खोऱ्यातील जागांची असून चुकीने बैलांच्या रकान्यात पडली आहेत. ती नकाशात घ्यावी. कागद बाकी बरोबर. कुरण चालू ठेवावे."

मग सही केली आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "गुलाबसिंग, उद्यापासून आठ दिवस माझ्याबरोबर फिरायचं. चौतीसच्या चौतीस जागा दाखवायच्या. एक जरी कमी भरली तर माझी टीप खोटी आणि कुरणाला तार."

त्या दिवशी शेऱ्यानं अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. गुलाबसिंगाला मात्र एकही गिळवेना, कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. खोऱ्यात बसलेले बैल एकोणीस. बाकीचे पंधरा दूरदूरच्या वाटांवर गेलेले. कोणी वाशिमकडं, कोणी निजामाच्या मुलखात.

"मंग?" रुपीबाईनं विचारलं.

"मंग काय. जित्या बैलाले दुसऱ्याचं नाव देता येत नाई. मेलेला बैल कुठंबी बसते."

आठ दिवस साहेब आणि गुलाबसिंग खोरं तुडवत राहिले, मागं भीमराज. पहिल्या एकोणीस जागांवर गुलाबसिंग थांबे, हात जोडे आणि सांगे. पुढच्या पंधरा जागांवर तो आधी जागा पाही, मग बैल निवडी. निजामाच्या मुलखात गेलेला घुमऱ्या खोऱ्याच्या तोंडाशी, जिथं वारा घुमतो तिथं, येऊन बसला. कोतवाल एका नाल्यात बसला.

"नाल्याला कोतवाल का?" साहेबांनी विचारलं.

"पूर आला की सगळ्यायच्या पहिले हाच वरडते साहेब. मंग कुठं दिसत नाई."

साहेबांनी लिहून घेतलं. भीमराज जवळच्या पळसाची पानं मोजू लागला.

आठव्या दिवशी रुपीबाई भाकरी घेऊन कुरणापाशी आली. चौतीसावी जागा नुकतीच झाली होती. तिनं फडकं सोडलं, कांदा फोडला आणि नकाशाकडं पाहत सहज म्हणाली, "मेलेल्या बैलायले डोह भेटले, चढ भेटले. बेचाळीस वर्षं जितीजागती संग चालली, तिच्या नावाचा एक खड्डाबी नाई."

गुलाबसिंगानं घास खाली ठेवला. समोर तांड्याकडून कुरणात उतरणारी वाट होती. रुंद, सरळ, दर सकाळी सहा बैल जिच्यावरून गवताकडं जायचे ती.

"साहेब," तो म्हणाला, "एक राह्यलीच. तो रुपीचा उतार."

साहेबांनी बोटांनी नावं मोजली. चष्मा वर केला. "ही तर पस्तीस झाली. कागदावर चौतीसच होती ना?"

गुलाबसिंगाला जोरात खोकला आला.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, रुपीबाईच्या हातावर अजून पुसट दिसणाऱ्या गेरूकडं पाहिलं आणि लिहिलं.

रुपीबाई दोन दिवस रागावली. मी काय बैल हाय, म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून मात्र बायकांना सांगू लागली, "म्हशी माह्या उताराहून न्या गं, तिकडून गोटे लागतात." धुरपताबाईच्या दोन्ही म्हशी रोज तिथूनच जाऊ लागल्या. आणि नाव पडल्यावर गुलाबसिंग आपले सहा घेऊन पहिल्यांदा त्या वाटेला लागला, तेव्हा शेऱ्या नेमका उताराच्या तोंडाशी थबकला. गुलाबसिंगानं मागं वळून तांड्याकडं पाहिलं, रुपीबाई ऐकत नाही याची खात्री केली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"चाल बाप्पा, भेऊ नोको. अडवत नाई. निस्ती बोलते."